लघुअश्वाची वैरण : एक शब्दार्थविचार

एका भाषेतील व्यावहारिक ज्ञान दुसऱ्या भाषेत आणताना जे शब्द अगदी सोपे वाटतात, तेच पुष्कळदा अधिक घात करतात. इंग्रजीतील ‘हे’ हा असाच एक शब्द होय. लघुअश्वांच्या संगोपनाविषयीच्या इंग्रजी लेखनात तो पदोपदी येतो. आणि मराठीत त्यासाठी ‘गवत’, ‘पेंढा’, ‘कडबा’, ‘चारा’, ‘वैरण’ यांपैकी जो हाताशी येईल तो योजण्याचा मोह होतो. ही निवड केवळ शैलीची बाब नाही. तिच्यावर एका प्राण्याचे आरोग्य, प्रसंगी त्याचे जीवित अवलंबून असते.

प्रथम त्या प्राण्याविषयी. लघुअश्व म्हणजे शिंगरू नव्हे. तो पूर्ण वाढ झालेला, परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने लहान चणीचा केलेला घोडा होय. अमेरिकेत १९७८ साली स्थापन झालेल्या लघुअश्व-संघाच्या नियमानुसार आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजलेली त्याची उंची ३४ इंचांहून, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरांहून, अधिक असता कामा नये. त्याचे वजन सामान्यतः शंभर किलोग्रॅमच्या आसपास असते. अशा घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के शुष्क वैरण पुरते; म्हणजे वाळवलेल्या गवतातील ओलावा जमेस धरता सुमारे पावणेदोन ते सव्वादोन किलोग्रॅम.

प्रमाण अल्प असले तरी त्यातील चूक अल्प ठरत नाही. लघुअश्व थोड्या अन्नावर चटकन लठ्ठ होतो. त्याच्या शरीरातील इन्शुलिनचे संतुलन सहज बिघडते, आणि त्यातून खुरांच्या आतील पटलांचा वेदनामय दाह उद्भवू शकतो. म्हणून अशा प्रवृत्तीच्या घोड्याच्या वैरणीत शर्करा व पिष्ट यांचे एकत्रित प्रमाण शुष्कभाराच्या दहा ते बारा टक्क्यांपेक्षा कमी असावे, असा सल्ला दिला जातो. मात्र लठ्ठपणावर उपाय म्हणून त्याला एकाएकी उपाशी ठेवणे तितकेच घातक असते. उपवास घडताच शरीरातील मेद मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरतो, यकृत त्याखाली दबून जाते आणि प्राणी दगावू शकतो. तात्पर्य, त्याला पोटभर परंतु सौम्य पोषणाची वैरण हवी. शिवाय लहान जबड्यात दातांची दाटी झाल्यामुळे त्याचे चर्वण अनेकदा अपुरे होते. फार जाड व काष्ठमय काड्या दिल्यास आतड्यात गोळा अडकण्याचा संभव असतो.

आता शब्दांकडे वळता येईल. इंग्रजीत ‘हे’ आणि ‘स्ट्रॉ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचे नाते ‘कापणे’ या अर्थाच्या धातूशी, तर दुसऱ्याचे ‘पसरणे’, ‘अंथरणे’ या अर्थाच्या धातूशी आहे. व्युत्पत्तीतच व्यवहार उतरला आहे : हिरवे असताना कापून सुकविलेले ते खाद्य, आणि धान्य काढून घेतल्यावर उरलेले ते प्राधान्याने अंथरण. मराठीतील ‘पेंढा’ भाताचा, ‘कडबा’ ज्वारीचा आणि ‘भुसा’ मळणीनंतरचा. हे तिन्ही धान्योत्तर अवशेष होत. म्हणजे ‘हे’साठी ‘पेंढा’ किंवा ‘कडबा’ योजल्यास भाषांतरकार खाद्याच्या जागी अवशेष ठेवतो. बैलाच्या बहुकोष्ठी जठराला जे मानवते, ते लघुअश्वाच्या एककोष्ठी जठराला आणि अरुंद आतड्याला मानवेलच असे नाही.

याहून सूक्ष्म अडचण ‘घास’ या शब्दाची आहे. ‘खाणे’ या अर्थाच्या ‘घस्’ धातूपासून आलेल्या संस्कृत ‘घास’ या शब्दाचा अर्थ ‘चारा’. हिंदीत त्याचा अर्थविस्तार होऊन तो ‘गवत’ या अर्थी रूढ झाला. मराठीत तो एकीकडे ‘तोंडात मावेल एवढे अन्न’ असा संकोचला, तर दुसरीकडे ‘लसूणघास’ या पिकाच्या नावात टिकून राहिला. ‘मुरघास’ या शब्दातही जुना ‘चारा’ हाच अर्थ दिसतो. अनेक भागांतला मराठी शेतकरी नुसते ‘घास’ म्हटले तरी लसूणघासच समजतो. परिणामी हिंदी मजकुरातील ‘घास दीजिए’ हे वाक्य मराठीत ‘घास द्यावा’ असे उतरले, तर सल्ला अगदी उलटा होतो. लसूणघास हे द्विदल कुळातील पीक असून त्यात प्रथिने, कॅल्शियम व ऊर्जा साध्या गवताहून बरीच अधिक असतात. वाढते शिंगरू किंवा दुभती घोडी यांना त्याचा काही अंश उपयुक्त ठरतो. निवांत उभ्या असलेल्या प्रौढ लघुअश्वाला तो मुख्य आहार म्हणून देणे इष्ट नाही.

या पिकाचे ‘अल्फाल्फा’ हे नाव स्पॅनिश व अरबी भाषांच्या मार्गाने मध्य-इराणी ‘अस्पस्त’ या शब्दापर्यंत जाते, आणि त्याचा अर्थ ‘घोड्याचे खाद्य’ असा होतो; त्यातील ‘अस्प’ म्हणजे संस्कृत ‘अश्व’ याचाच सगोत्र. नावानेच अश्वखाद्य असलेली वनस्पती लघुअश्वाला मात्र बेताने द्यावी लागते! व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते, वस्तूची योग्यता सांगत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

उलटपक्षी, परकी वाटणारी काही नावे ओळखीची निघतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात घोड्यांना घातले जाणारे ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे मराठी शेतकऱ्याची हरळी, आणि तीच पूजेतील दूर्वा. जाती एकच; परंतु एक नाव तण म्हणून उच्चारले जाते, दुसरे पवित्र म्हणून, तिसरे वैरण म्हणून. टिमोथीसारख्या शीत प्रदेशातील गवतांच्या खोडांत फ्रुक्टान नावाची शर्करा साठते. हरळीसारखी उष्ण प्रदेशातील गवते ऊर्जा पिष्टाच्या रूपाने साठवितात. तथापि कोणत्याही गवताचे शर्करा-प्रमाण डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. ती शक्य नसेल तर थंड पाण्यात तासभर भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विद्राव्य शर्करा काहीशी घटते. बुरशी व धूळ असलेला भारा मात्र जात कोणतीही असली तरी त्याज्यच मानावा.

गवताच्या जातीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व कापणीच्या वेळेला आहे. फुलोऱ्यापूर्वी कापलेले गवत पानेदार व पौष्टिक असते. बी धरल्यावर कापलेले तंतुमय होते. लघुअश्वाला या दोहोंच्या मधले, फुलोरा येऊन गेलेले परंतु काडी राठ न झालेले गवत सामान्यतः मानवते.

येथे मराठीच्या धातुरूपांची मदत घेता येते. ‘वाळलेले गवत’ म्हणजे उभ्या माळावर आपोआप सुकून सत्त्व गमावलेले. ‘वाळवलेले गवत’ म्हणजे योग्य वेळी हेतुपूर्वक कापून सुकविलेले. एका प्रयोजक प्रत्ययात ‘हे’ या संज्ञेचे मर्म सामावले आहे. म्हणून तृणजातीसाठी ‘वाळवलेले गवत’, द्विदलासाठी ‘वाळवलेला लसूणघास’, आणि धान्योत्तर अवशेषांसाठी ‘पेंढा’, ‘कडबा’ व ‘भुसा’ ही आपापली नावे, अशी योजना ठेवणे श्रेयस्कर ठरेल. नवी संज्ञा घडविण्याचे यात कारण पडत नाही. बोलीत जो भेद आधीच आहे, तो लिहिताना पाळला म्हणजे पुरे. संज्ञेच्या शिथिलपणाची शिक्षा एरवी वाचकाला होते. येथे ती ज्याला वाचता येत नाही अशा मुक्या जीवाला होते.