हात धुवायला पाणी

हात धुण्यात शिकवण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. 1847 साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनाही असेच वाटे. प्रेते चिरून तसेच बाळंतिणींकडे जाणाऱ्यांच्या हातांतून ताप पसरतो, हे सेमेलवाइस यांनी ओळखले आणि क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्याने घटले. पण 'आमचे हात घाणेरडे?' या रागापोटी भल्याभल्यांनी त्यांचे ऐकले नाही.

नुसत्या पाण्याने भागत नाही. हाताला ओशटपणा असतो आणि जंतू त्यात चिकटून बसतात. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. म्हणून चोळले की तो थर जंतूंसकट सुटतो. करोनाच्या विषाणूचे तर वेष्टणच स्निग्ध, ते साबणाने फुटते. याला निदान 20 सेकंद लागतात. बेचक्या, अंगठे आणि नखांखालची जागा नेमकी राहून जाते. सांगलीच्या पेठेतला हमाल हळदीचे पिवळे हात आपण होऊन धुतो, कारण ते दिसतात. जुलाबाच्या, विषमज्वराच्या जंतूंना रंग नाही, हीच अडचण! म्हणून शौचानंतर आणि भाकरीला बसण्यापूर्वी हात धुणे चुकवू नये.

पण पाणी कुठले? ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली; चोहीकडे पाणी, पण हात धुण्याजोगे नव्हे. आणि दर हंगामाला बीडकडून ऊसतोड कुटुंबे सातारा-सांगलीच्या फडांत उतरतात, त्यांच्या कोपीला नळ नसतो. दुरून आणलेल्या कळशीत स्वयंपाक, पिणे आणि पोराचे अंग धुणे बसवणाऱ्या बाईला 'वारंवार हात धू' म्हणणे ही आमच्या मते थट्टा आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने हात धुण्याची सोय मालकावर बंधनकारक केली, पण ते कलम फाटकाशीच थांबले. ऊस मात्र कारखान्याच्याच गव्हाणीत पडतो!

पाणी थोडे असेल तर भांड्यात हात बुडवू नयेत. दुसऱ्याने वरून बारीक धार धरावी, तांब्याभरात काम होते. साबण नसेल तिथे चुलीतली राख चालवून घ्यावी. माती नको, तिच्यात जंतांची अंडी असतात.

आमची मागणी अशी, की टोळीमागे पाण्याची टाकी आणि साबण तोडणीच्या करारातच लिहावेत, आणि त्याचा खर्च मजुराच्या उचलीतून कापू नये.