युद्धकाळातले विज्ञान, लेखांक ७ : कबुतराने न सांगितलेला पत्ता

१९४२ साल म्हटले की वर्धेकरांना १४ जुलैला इथे झालेला काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव आठवतो. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला, नॉर्वेच्या मोहिमेवरून परतणारे एक ब्रिटिश ब्यूफोर्ट बाँबफेकी विमान उत्तर समुद्रात कोसळले. चौघे जण रबरी होडीत चढले, पण आपण नेमके कुठे आहोत हे बिनतारी यंत्रावरून त्यांना नीट कळवता आले नव्हते. निरोप नेण्यासाठी विमानात ठेवलेले विंकी नावाचे कबूतर मात्र सुटले आणि सुमारे २०० किलोमीटर उडून स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या आपल्या खुराड्यात पोचले. पंख तेलाने माखलेले, पायाला चिठ्ठी नाही. विंकीला १९४३मध्ये प्राण्यांच्या शौर्यासाठीचे डिकिन पदक मिळाले आणि ते योग्यच होते. तरीही त्या चौघांना वाचवले ते किनाऱ्यावर मांडलेल्या हिशेबाने, असे माझे मत आहे. विमान पडल्याची वेळ, कबूतर पोचल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि तेलकट पंखांमुळे मंदावलेला वेग यांवरून जाणकारांनी अंतर काढले. शोध चुकीच्या भागात चालला होता, तो हलवला आणि होडी सापडली. समुद्रातल्या बचावात धाडस लागतेच, पण त्याआधी ठिकाण कळावे लागते.

याला कोणी योगायोग म्हणेल. त्यासाठी उलट उदाहरण पाहू. २७ मे १९४३ रोजी प्रशांत महासागरात एक अमेरिकन बी-२४ विमान इंजिन बंद पडून कोसळले. ते स्वतःच एका बेपत्ता विमानाच्या शोधात निघाले होते! अकरांपैकी तिघे वाचले. त्यांत १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये धावलेला लुई झाम्परिनी होता. अमेरिकेकडे तेव्हा ना विमानांची वानवा होती ना हिंमतीची. त्यांचा शोधही घेतला गेला. पण प्रवाह तराफ्यांना रोज पुढे नेत होता आणि शोधाचे वर्तुळ त्याहून वेगाने मोठे होत होते. ४७ दिवसांनी दोघे जण मार्शल बेटांजवळ पोचले, तेही जपान्यांच्या हाती. तिसरा वाटेतच गेला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ठिकाण माहीत असूनही माणसे मरतात. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते, तो कुठे आहे हे माहीत होते, आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता मदतीला धावल्या. १८०हून अधिक जण वाचले, ७०हून अधिक गेले. पण इथेही नीट पाहावे. ठाऊक होते ते तराफ्याचे ठिकाण. तो बुडाल्यावर लाटांनी प्रत्येकाला वेगळीकडे नेले, आणि एका शोधाचे अनेक शोध झाले. जीवरक्षक जाकीट माणसाला तरंगत ठेवते, तो कुठे तरंगतो आहे हे सांगत नाही. म्हणूनच आज उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्झवर संकटसंदेश देणारी यंत्रे महत्त्वाची. विंकीच्या पंखांवरून जे ताडावे लागले, ते ही यंत्रे थेट कळवतात.

राहिला वर्ध्यातून हमखास येणारा प्रश्न : साम्राज्याच्या बाँबफेक्यांना वाचवल्याचे कौतुक का? गांधीजींनी बोअर युद्धात भारतीयांचे रुग्णसेवा पथक उभारून जखमी ब्रिटिश सैनिक वाहून नेले होते, हे सेवाग्रामच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १९४९च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराने समुद्रात उतरावे लागलेल्या वैमानिकाला जहाज फुटलेल्या खलाशाच्याच पंक्तीत बसवले. पाण्यात पडलेला माणूस लढाईबाहेर असतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण सुट्टीत कोकणात जाऊन होडीत बसणारे पुष्कळ आहेत. निघताना कोणत्या दिशेने जाणार आणि केव्हा परतणार, हे किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगून निघा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.