दूध भरलेलं असतानाच बसणारं सील

बारामतीच्या एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्सच्या डेअरीत दूध आणि फळांचे रस ज्या कागदी खोक्यांत भरतात, तसला एक रिकामा खोका कात्रीनं उभा कापून पाहा. आतून चंदेरी. बोट फिरवलं की धातूला हात लागल्यासारखं वाटतं, पण तो लागत नाही. मध्ये पॉलिथिनचा पारदर्शक पापुद्रा असतो.

त्याखालचं ॲल्युमिनियम जेमतेम साडेसहा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकं. इतकं पातळ लाटलं की पत्र्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतातच. पॉलिथिनचं दुखणं वेगळं: पाणी अडवतं, पण ऑक्सिजन झिरपू देतं आणि उजेडाला तर मोकळी वाटच. दोघं एकमेकांना चिकटले की फिल्म छिद्रं बुजवते, धातू हवा आणि उजेड अडवतो. इंदापूरच्या डाळिंबाचा आंबट रस उघडं ॲल्युमिनियम हळूहळू खाईल. इथे त्याची धातूशी गाठच पडत नाही.

खरी कमाल सील करताना दिसते. कागदाची गुंडाळी उलगडत यंत्रात तिची उभी नळी होते आणि १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून थंड केलेलं दूध त्या नळीत उतरतं. मग जबडे नळीला चिमटा घेतात, तोही दुधाच्या पातळीच्या खाली! जबड्यातल्या वेटोळ्यातून वेगानं उलटसुलट वाहणारी वीज जाते, त्यामुळे ॲल्युमिनियममध्येही प्रवाह खेळतो आणि ते क्षणात तापतं. शेगडी नाही, तापलेली सळई नाही. आतलं पॉलिथिन वितळतं, दाबानं मधलं दूध बाजूला सरतं, सांधा जुळतो. दूध हलायच्या आत काम फत्ते, आणि डोक्यावर हवेची पोकळी उरत नाही. फ्रीजशिवाय काही महिने टिकणाऱ्या दुधाच्या मागे हा चिमटा आहे. बहुतेकांना श्रेय प्रिझर्व्हेटिव्हला द्यावंसं वाटतं, ते उगाच.

भंगारात मात्र हे लग्न महागात पडतं. कागद पाण्यात घुसळून सुटतो. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम सहजासहजी सुटत नाहीत, म्हणून तो चोथा दाबून छताचे पत्रे करतात.

पोलादी डब्यांत धातू आणि प्लास्टिकची ही जोडी आणखी धीट होते. पत्रा तापवून त्यावर पॉलिएस्टरची फिल्म रुळांनी दाबतात, लगेच गार करतात आणि त्यानंतर पत्रा ओढून डबा घडवतात. पोलाद ताणलं जातं, फिल्मही तितकीच ताणली जाते, फाटत नाही. जपानच्या तोयो सैकाननं १९९०च्या दशकात असे डबे बाजारात आणले. फिल्म असली की आतून लाखेचा फवारा नको, तो भाजायची भट्टी नको, सॉल्व्हंटची वाफही नको. शिवाय डब्यांच्या जुन्या इपॉक्सी लाखेत बिस्फेनॉल-ए येत असे, ज्यावर युरोपीय संघानं २०२४ मध्ये अन्नाच्या वेष्टनांसाठी बंदी घातली. आणि भंगारात गेलेला हा डबा चुंबक सरळ उचलून घेतो. फिल्म भट्टीत जळून जाते, पोलाद पुन्हा पोलाद होतं.