नरसी, औंढा आणि असीसी

मध्य इटलीतील जुन्या शहरांचीं वर्णनें गोरेगांवांत बसून वाचतांना तीं फार दूरचीं वाटतात. परंतु हिंगोली जिल्ह्यांतील मनुष्यास त्यांचें मर्म कळावयास लांब जावें लागत नाहीं. नरसी व औंढा हीं दोन स्थळें त्याला पुरेशीं आहेत.

उंब्रिया प्रांतांत डोंगराच्या उतारावर असीसी हें लहानसें शहर वसलें आहे. तेथील एका कापडाच्या व्यापाऱ्याचा पुत्र फ्रान्सिस यानें संपत्तीवर पाणी सोडून भिक्षावृत्ति पत्करली. आणि लॅटिन ही पंडितांची भाषा असतां, सूर्यास बंधु व चंद्रास भगिनी म्हणणारें स्तोत्र लोकांच्या बोलींत रचलें. तो १२२६ सालीं वारला. पुढें अर्धशतकाच्या आंतच, परंपरेप्रमाणें १२७० सालीं, नरसीस शिंप्याच्या घरीं नामदेवांचा जन्म झाला. त्यांचे मराठी अभंग घरोघर गाइले जातात, आणि त्यांच्या नांवावरील ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहेबांत आहेत. देवाशीं बोलण्यास घरची भाषा पुरते, हें दोन्हीकडे एकाच काळीं उमगलें.

फ्रान्सिसच्या स्मरणार्थ असीसीस १२२८ सालीं मंदिराचा पाया घातला गेला. वरच्या मंदिराच्या भिंतींवर त्याचें चरित्र २८ चित्रांत रंगविलेलें आहे. हीं चित्रें ज्योत्तोचीं कीं अन्य कोणाचीं, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. पण ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना तीं कीर्तनांतील आख्यानाप्रमाणें समजत असत.

शेजारच्या टस्कनींतील सिएना शहराची हकीकत आणखी बोधप्रद आहे. दुच्चो या चित्रकारानें रंगविलेला मेरीमातेचा विशाल चित्रफलक ९ जून १३११ रोजीं शहरानें घंटांच्या गजरांत मिरवीत मंदिरांत नेला. त्या दिवशीं दुकानें बंद होतीं. आपल्याकडील पालखीचा सोहळा ज्यानें पाहिला आहे त्याला याहून अधिक सांगावयास नको. परंतु त्याच सिएनानें १७७१ सालीं तो फलक करवतीनें कापविला. त्याचे कांहीं तुकडे परदेशीं गेले, कांहीं नाहींसे झाले.

असीसीस याच्या उलट घडलें. २६ सप्टेंबर १९९७ रोजीं भूकंपानें मंदिराच्या छताचा भाग कोसळून चार माणसें दगावलीं व चित्रांचा चुरा झाला. लोकांनीं ढिगाऱ्यांतून रंगीत तुकडे वेंचले, आणि जाणकारांनीं ते धीरानें जुळविले. १९९९ च्या अखेरीस मंदिर उघडलें, तरी जुळवणी पुढें कित्येक वर्षें चालू होती.

आतां औंढ्याकडे वळूं. नागनाथाचें देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठीं फिरलें, ही आख्यायिका आपल्या मुलांना ठाऊक असते. पण त्या यादवकालीन देवळाच्या खालच्या भागांतील पाषाणमूर्ति किती जणांनीं थांबून पाहिल्या आहेत? वरचें बांधकाम मागाहूनचें आहे, हा भेद तरी किती जणांच्या लक्षांत येतो? दर्शन झालें कीं आपण परततों. झिजलेल्या मूर्तीस तेल लावतांना, रंग फांसतांना आपलें कांहीं चुकतें आहे असें कोणास वाटत नाहीं.

कला राजे निर्माण करवितात, पण ती राखणें गृहस्थांच्या हातीं असतें. पुढच्या खेपेस औंढ्यास जाल तेव्हां मुलांना सोबत न्यावें, देवळाभोंवतीं सावकाश एक फेरी घालावी, आणि त्यांना नुसतें पाहूं द्यावें. असीसीकरांनीं तुकडे वेंचले, कारण मोडण्यापूर्वीं त्यांनीं तीं चित्रें पाहिलीं होतीं.