स्वस्त रिसीव्हर, महाग रिसीव्हर आणि श्रोत्याचा कान

संगीतश्रवणासाठी घरात ठेवावयाच्या रिसीव्हरची किंमत आणि त्यातून येणाऱ्या आवाजाची प्रत यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न वरवर पाहता भाषाविज्ञानाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु ध्वनी ऐकून त्यांतील भेद नोंदविणे हेच ज्याचे काम आहे, त्याला ध्वनी आपल्या कानापर्यंत कोणत्या वाटेने येतो याविषयी उदासीन राहून चालत नाही. शिवाय या प्रश्नाची चर्चा ज्या विशेषणांतून होते, ती विशेषणेही तपासून पाहण्याजोगी आहेत.

निमित्त घडले ते असे. आमच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी मालेगावातील यंत्रमागांच्या वस्तीत राहतो. त्याला गझल ऐकण्याचा मोठा नाद. घरचा जुना, स्वस्त रिसीव्हर त्याला 'कर्कश' व 'अस्पष्ट' वाटू लागला होता. उलट एका दुकानात ऐकलेला चौपट किमतीचा रिसीव्हर 'भरदार' आणि 'मोकळा' वाटला. तो हप्त्यांवर घेण्याचे त्याने जवळजवळ ठरविले होते. हप्ते शिष्यवृत्तीतून जावयाचे होते, आणि त्या शिष्यवृत्तीवर घरातील इतरही गरजा अवलंबून होत्या. त्याने माझा सल्ला विचारला, तेव्हा मी त्याला आठवडाभर थांबावयास सांगितले.

रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीत बसविलेली तीन कामे होत: रेडिओचा संकेत पकडणारा ट्यूनर, निरनिराळ्या साधनांतून एक निवडण्याची व आवाज कमीजास्त करण्याची सोय, आणि क्षीण विद्युत्संकेत स्पीकर हलविण्याइतका समर्थ करणारा ॲम्प्लिफायर. प्रत्यक्ष हवेत कंपने निर्माण करतो तो स्पीकर. ही श्रमविभागणी साधी आहे. पण आपली भाषा ती मानीत नाही. घोगरा, किनरा, भरदार, पातळ, खणखणीत, मोकळा ही सारी विशेषणे आपण मानवी कंठाला लावतो. ती यंत्राला लावताना आपण गळा, तोंड, खोली आणि गाणारा यांचे एकच माणूस करून टाकतो, आणि त्याचा सगळा गुणावगुण डोळ्यांसमोरच्या चकाकत्या पेटीच्या नावे जमा करतो.

आता ध्वनींकडे वळू. मराठीत 'चार' हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. संख्यावाचक 'चार' मधील च तालव्य आहे. 'गुरांना चार' या आज्ञेतील च दंत्य. लिपी हा भेद दाखवीत नाही, तो कानानेच टिपावा लागतो. तालव्य च च्या घर्षणाचा जोर स्थूलमानाने दर सेकंदास अडीच ते चार हजार कंपनांच्या आसपास असतो, तर दंत्य च चा त्याहून बराच वर. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात पाच हजार कंपनांच्या पलीकडचा भाग फारसा पोचत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, त्यानंतरच्या पिढ्यांनी मध्यम लहरींवर जे संगीत ऐकले ते असे वरून कातरलेले होते. एफएम प्रक्षेपणात ही मर्यादा पंधरा हजारांपर्यंत जाते. म्हणजे दंत्य-तालव्य भेद ठळक होणे वा पुसट होणे हे प्रथम प्रक्षेपणावर आणि ध्वनिमुद्रणावर अवलंबून आहे. १९२५ पूर्वीच्या, विद्युत्साहाय्याविना कर्ण्यातून मुद्रित झालेल्या तबकड्यांत जे उतरलेच नाही, ते कितीही मूल्यवान रिसीव्हर परत आणू शकणार नाही.

उलट चांगल्या मुद्रणातील वीस ते वीस हजार कंपनांचा पट्टा आजचा साधा ॲम्प्लिफायरही जवळजवळ समतोलपणे वाढवितो. (चाळिशी ओलांडलेल्या प्रस्तुत लेखकाच्या कानांना त्यातील वरचा हिस्सा ऐकू येत नाही, ही गोष्ट वेगळी.) स्पीकरचे तसे नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार दर सेकंदास सुमारे ६९ कंपने करते. लहान स्पीकर ही मूळ कंपने जवळजवळ देतच नाही. तरीही खर्ज आपल्याला 'ऐकू' येतो; कारण वरच्या स्वरांशांच्या परस्पर अंतरावरून कान मूळ स्वर ताडतो. दूरध्वनीत तीनशेच्या खालची कंपने गाळलेली असूनही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो, तो याच न्यायाने. तंबोऱ्याचे हे स्वरांश विलक्षण समृद्ध असतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्येच जवारीच्या कार्याचा अभ्यास करून त्याकडे लक्ष वेधले होते. कानाची ही उदारता लक्षात घेतली म्हणजे, स्वस्त साधनावरही राग का ओळखता येतो याचे नवल वाटत नाही. मात्र गायकाच्या पाठीशी असलेला खर्जाचा भार तेथे जाणवत नाही. 'भरदार' या शब्दाचा अर्थ बहुतांशी हाच आहे, आणि तो स्पीकरकडून येतो.

मग ॲम्प्लिफायरच्या किमतीने ऐकण्यात काय फरक पडतो? याची एक प्रसिद्ध परीक्षा अमेरिकेतील 'स्टीरिओ रिव्ह्यू' या मासिकाच्या जानेवारी १९८७ च्या अंकात इयन मास्टर्स यांनी प्रसिद्ध केली. सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या जोडीपर्यंत सहा साधने होती आणि २५ श्रोते. आवाजाची पातळी समान ठेवून आणि साधन कोणते हे न सांगता ऐकविले असता श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून दिलेल्या उत्तरांहून सरस ठरली नाहीत. श्रोत्यांत भेद ऐकू येतो असे ठामपणे मानणारेही होते, हे विशेष.

यात कळीचा शब्द 'समान पातळी' हा होय. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज जसजसा हळू होतो तसतसा कान खालच्या स्वरांविषयी अधिक बधिर होतो. त्यामुळे तेच गाणे किंचित मोठ्याने लावले की ते मोठे वाटण्याऐवजी अधिक भरलेले वाटते. दुकानातील विक्रेता महाग यंत्राची कळ थोडी अधिक फिरवितो. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण परिणाम तोच होतो. तुलना करावयाची तर दोन्ही रिसीव्हरांना तेच स्पीकर जोडून, स्पीकरच्या तारांवरील विद्युत्दाब मीटरने एक टक्क्याच्या आत जुळवून घ्यावा. एवढे केल्याविना काढलेला निष्कर्ष मी तरी मानणार नाही.

विद्यार्थ्याच्या घरी मी प्रथम गेलो तो मंगळवारी. भिंतीपलीकडे माग चालू होते. माग चालू असताना कारखान्यात आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या वर सहज जाते. भिंतीतून त्याचा जो अंश झिरपतो तोही थोडा नसतो. बोलण्यात वा गाण्यात स्वर प्रबळ आणि अघोष व्यंजने त्यांच्या मानाने फार क्षीण असतात. म्हणून गोंगाटात प्रथम बुडतात ती व्यंजने. गझलेतील ख आणि ख़, क आणि क़ यांचा भेद त्याला ऐकू येईना, तो यामुळे. त्यावर तो कळ शेवटपर्यंत फिरवी. मग बिचारा ॲम्प्लिफायर आपल्या शक्तीच्या टोकाला पोचून लहरींचे माथे छाटू लागे, आणि 'कर्कश' हे विशेषण सार्थ होई.

अधिक शक्तीचा रिसीव्हर येथे उपयोगी पडला असता काय? पडला असता, पण किती ते पाहा. शक्ती दुप्पट केली तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटावयास सुमारे दहापट शक्ती लागते. उलट, स्पीकर चार मीटरवरून दोन मीटरवर आणला तर मोकळ्या जागेत ६ डेसिबल, म्हणजे चौपट शक्तीइतका लाभ होतो. बंद खोलीत तो काहीसा कमी मिळतो, परंतु फुकट मिळतो.

मालेगावात यंत्रमागांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते. त्या शुक्रवारी मी पुन्हा गेलो. तोच रिसीव्हर, तेच स्पीकर, तीच गझल. कळ अर्ध्याच्याही खाली. पहिल्याच शेरात ख़ स्वच्छ ऐकू आला. तो काही वेळ बोलला नाही, आणि नंतर म्हणाला, "सर, मंगळवारी हा असा का नव्हता?"

महाग रिसीव्हर सर्वथा व्यर्थ आहे असे म्हणावयाचे नाही. कमी रोधाचे, जास्त प्रवाह मागणारे स्पीकर असतील, खोली मोठी असेल, दूरच्या केंद्राचा क्षीण संकेत पकडावयाचा असेल, तर पैशाचे चीज होते. बांधणी आणि टिकाऊपणा यांनाही मोल आहेच. येथे यांपैकी काहीच नव्हते.

हप्त्यांचा अर्ज त्याने भरला नाही. मागांकडची खिडकी त्याने जाड लाकडी फळीने बंद केली, बसण्याची जागा स्पीकरपासून हातभर अंतरावर आणली, आणि पुढे दोन महिन्यांनी जुन्या बाजारातून मोठ्या शंकूची स्पीकरजोडी घेतली. मंगळवारी क़ अजूनही संशयास्पद असतो, असे तो सांगतो.