बिडाचे भांडे डोंगरावर नेताना

सुट्टीच्या दोन दिवसांत गडावर किंवा धरणाकाठी तंबू ठोकून राहण्याची हौस आता घरोघरी पोहोचली आहे. तंबू, सॅक, बॅटरी यांची चर्चा झाली, की गाडी स्वयंपाकाच्या भांड्यांवर येते. मग कोणीतरी विचारतेच, ‘‘बिडाचा छोटा तवा न्यावा का?’’ मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. उलट विचारतो, ‘‘भांडे कोण उचलणार? आणि वर पाणी कुठे मिळणार?’’

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते कडक होते, तसे ठिसूळही होते. पत्र्यासारखे पातळ बीड उपयोगाचे नाही, म्हणून भांडे जाडच असते. एक घनसेंटिमीटर बीड सुमारे ७.२ ग्रॅम भरते, तर तेवढेच ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम. आता हिशेब करा. २० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४ मिलिमीटर जाडीचा सपाट तवा सुमारे ९०० ग्रॅम होतो. कड आणि कान धरले की किलोच्या पुढे जातो. व्यास २५ सेंटिमीटर केला, तर नुसता तवाच १,४०० ग्रॅम. म्हणजे चार बोटांचाही फरक नाही, पण वजन दीडपट.

आणि एक किलो बीड म्हणजे एक लिटर पाणी. चैत्र-वैशाखात सह्याद्रीतली बरीच टाकी आटलेली असतात. अशा वेळी तव्यासाठी पाण्याची बाटली मागे ठेवणे हा शहाणपणा नव्हे. म्हणून माझा नियम साधा आहे. जिथवर गाडी जाते तिथे, म्हणजे शेतावर किंवा धरणाकाठी, बीड खुशाल न्यावे. चढण असेल आणि पाच-सहा जण असतील, तर सगळ्यांत मिळून एकच भांडे घ्यावे आणि वाटेत ते पाठीपाठी फिरवावे. एकट्याने चढणार असाल तर पातळ पातेले घ्या, बीड घरीच राहू द्या.

मग इतके वजन वाहायचे तरी कशाला? उघड्यावर वारा असतो, जाळ कधी डावीकडे तर कधी उजवीकडे पळतो. पातळ भांडे क्षणात करपवते आणि क्षणात गार पडते. बीड सावकाश तापते, पण तापले की उष्णता धरून ठेवते. भाकरी, घावन, आंबोळी, तव्यावरचे मासे या गोष्टी त्यामुळेच नीट होतात. मात्र बीड उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियमच्या मागे आहे. लहान बर्नरवर मधेच चटका बसतो आणि कडा गार राहतात. म्हणून आच मंद ठेवावी, पाचेक मिनिटे भांडे तापू द्यावे आणि अधूनमधून फिरवावे.

खरेदी करताना चार गोष्टी पाहाव्यात. भांडे हातात अधांतरी धरून बोटाच्या पेराने वाजवा. चांगले भांडे खणखणते. बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव असतो. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहा. आतून बोट फिरवा. बारीक खडबडीतपणा चालेल, भोके नकोत. लांब दांड्यापेक्षा दोन आखूड कान बरे, कारण ते सॅकमध्ये मावतात. लाकडी मूठ चुलीवर जळते, म्हणून कान भांड्याबरोबरच ओतलेले हवेत. खोलगट कढई आणि तिच्यावर बसणारा तवा अशी जोडी मिळाली तर उत्तम. तवा झाकण होतो, झाकणावर निखारे ठेवता येतात. आमच्या घरी बिर्याणीला दम देतात तो असाच, खाली मंद आच आणि वर निखारे. कढई हा शब्द संस्कृतातल्या ‘कटाह’वरून आला; डोंगरात तवा आणि कढई दोघांचे छान जुळते.

तांब्याच्या देगेला कल्हई लागते, बिडाला फक्त तेल. नवे भांडे धुऊन आचेवर कोरडे करा. जवसाचे किंवा घरातले कुठलेही खाण्याचे तेल अगदी पातळ चोळा आणि पुसून टाका, इतके की आता तेल उरलेच नाही असे वाटावे. मग धूर थांबेपर्यंत तापवा. असे तीन-चार वेळा केले की तेलाचा घट्ट काळा थर बसतो. तो गंज अडवतो आणि अन्न चिकटू देत नाही. तेल जाड लावले तर थर चिकट होतो.

मुक्कामाच्या ठिकाणी काही पथ्ये पाळावीच लागतात. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, तडकते. छोट्या गॅसच्या डब्यावर बसवलेल्या शेगडीवर रुंद, जड तवा ठेवू नका. तव्याखाली उष्णता कोंडते आणि डबा तापतो, शेगडी कलंडण्याची भीती वेगळीच. गॅसचा डबा नळीने बाजूला राहील अशी बसकी शेगडी घ्यावी. तीन दगडांची चूल मांडायची तर आधी परवानगी विचारा. राखीव जंगलात परवानगीशिवाय विस्तव पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि फाल्गुनापासून वाळलेल्या गवताला वणव्यासाठी एक ठिणगी पुरते.

चिंच, आमसूल, टोमॅटो यांची आमटी बिडात शिजवू नये. आंबटाने तेलाचा थर सुटतो, रस्सा काळवंडतो, चवीला लोखंड लागते. त्यापेक्षा मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तव्यावर परतून तिथेच तांब्याच्या बुडाने ठेचा रगडावा. शिजलेले अन्न रात्रभर भांड्यात ठेवू नये.

जेवण झाले की भांडे कोमट असतानाच खरकटे पुसून घ्या. चिकटले असेल तर जाडे मीठ घालून कापडाने घासा. थोड्या कोमट पाण्याने विसळून आचेवर सुकवा आणि तेलाचा हात फिरवा. गडावरच्या टाक्यात भांडे बुडवू नका. ते आपल्यामागून येणाऱ्याचे पिण्याचे पाणी आहे.

आणि एक शेवटचे. केवळ सहलीसाठी बीड विकत घेऊ नका. वर्षातून दोनदा बाहेर पडणारा तवा उरलेले दिवस माळ्यावर गंजतो. रोजच्या ओट्यावर वापरला तर थर पक्का होत जातो. शिवाय त्यातले थोडे लोह अन्नात उतरते. इथिओपियातल्या लहान मुलांवरचा एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ॲल्युमिनियमपेक्षा लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढलेले त्यात आढळले. आपल्याकडे अनेक बायका आणि मुले रक्तक्षयाने थकलेली असतात. दोन दिवसांच्या मुक्कामात त्याने काही फरक पडणार नाही, रोजच्या भाजीत पडू शकतो. तेव्हा घरच्या चार माणसांना पुरेल एवढाच तवा घ्या आणि त्यावर रोज भाकऱ्या भाजा. सुट्टीत तोच पुसून कापडात गुंडाळा आणि सॅकमध्ये ठेवा. मात्र पाण्याच्या बाटल्या आधी भरा. जागा उरली तर तवा.