गीताच्या मिश्रणात स्वनभेदांची जपणूक

प्रस्तुत उपघटकात स्वनविज्ञानाचे एक उपयोजन पाहावयाचे आहे. घरच्या संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत रचणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला आपले गीत ऐकवले. त्यातील 'काळ सरला' हे शब्द मला प्रत्येक वेळी 'काल सरला' असेच ऐकू आले. गायनाचा ट्रॅक स्वतंत्र वाजवला, तेव्हा मात्र 'ळ' निर्दोष होता. दोष मिक्सिंगचा होता.

'ळ' उच्चारताना जिभेचे टोक मागे वळते आणि मुखविवराचा तिसरा अनुनाद, म्हणजेच तिसरा फॉर्मंट, 'ल'च्या तुलनेत खाली येतो. हा भेद ढोबळमानाने २००० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. नेमका तोच पट्टा सिंथेसायझरच्या झगझगीत अधिस्वरांनी व्यापला होता. प्रबळ ध्वनी जवळच्या वारंवारतेचा दुर्बळ ध्वनी झाकून टाकतो. यास आच्छादन म्हणतात. अशा वेळी नवशिका गायनाचा आवाज वाढवतो आणि गोंगाटात भर घालतो. त्याऐवजी सिंथेसायझरच्या ट्रॅकवर इक्वलायझरने तेवढाच पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवावा.

'स'चा सीत्कार सौम्य करण्यासाठी डी-एसर वापरतात. मराठीत 'चारा', 'चमचा' यांतील दंततालव्य 'च'मध्येही 'स'सारखे घर्षण असते, हे येथे विसरू नये. डी-एसरची मात्रा अधिक झाली, तर हा 'च' बोथट होतो. इंग्रजी गायनासाठी जुळवलेले तयार प्रीसेट मराठी शब्दांवर जसेच्या तसे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रिव्हर्बचेही तसेच. आधीच्या स्वराचा रेंगाळणारा निनाद महाप्राणाचा क्षणिक श्वास गिळतो आणि 'थाट'चे 'ताट' होते. प्री-डिले थोडा वाढवला, तर व्यंजन आधी कानी पडते, निनाद मागून येतो.

फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, हळू आवाजात कानाला खर्जाचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात काम करणारा म्हणूनच बेस वाढवत जातो; सकाळी मोठ्याने लावल्यावर तोच बेस शब्दांवर चढतो. मिश्रण दोन्ही पातळ्यांवर ऐकावे.

स्वाध्याय : गीताचे शब्द ठाऊक नसलेल्या व्यक्तीस ते एकदाच ऐकवा व ऐकू आले तसे लिहावयास सांगा. चुकलेली व्यंजने स्थान व प्रयत्न यांनुसार वर्गीकृत करा आणि प्रत्येक चुकीच्या जागी कोणते वाद्य वाजत होते, ते नोंदवा.